दुपदरी परकर आणि वाढते माप

श्रीवर्धन-पंचक्रोशी-सूचिकर्म-सम्राज्ञी, पादचालित-शिवणयंत्र-अधिष्ठात्री, सकल-पोलके-परकर-निर्माण-धुरंधर, अनृत-कटिमाप-भंजिनी, इतर-शिंपी-दोष-निवारिणी, प्रातःस्मरणीय आणि सायंकाळी तर अधिकच स्मरणीय, श्रीमती आई,

आयुष्यभर प्रमुख पाहुण्यांचे परिचय वाचून माझी अशी अवस्था झाली आहे की बिरुदावलीवाचून कोणाला हाक मारणे जिभेला अशिष्ट वाटते. दिवसा शाळेत मराठी शिकवायचे आणि तालुक्यात जिथे दीपप्रज्वलन होईल तिथे सूत्रसंचालन करायचे, हा माझा क्रम तू गेल्यानंतरही चालू आहे. आजचा विषय मात्र व्यासपीठावरचा नाही. विषय मासिक पाळीचा आहे. तू हयात असताना या विषयावर आपल्यात एकंदर चार वाक्ये झाली असतील, आणि त्यांतली तीन धुण्यासंबंधी होती. हे पत्र कोणत्याही पेटीत पडणार नाही, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिण्यास हरकत नसावी.

तुझे यंत्र पुढच्या पडवीत, खिडकीला लागून असे. अंगणात सुपारी वाळत असे आणि तुझ्या गळ्यात टेप. मापाला आलेल्या बायका पोट आत ओढून उभ्या राहत आणि तू कंटाळलेल्या न्यायाधीशासारखी म्हणत असस, “श्वास सोडा. आत ओढून दिलेलं माप पहिल्याच लग्नात उसवतं.” पोलक्यांसाठी तुझी ख्याती होती, पण तुझी खरी निर्मिती वेगळीच होती आणि तिला नावही नव्हते. मला अजून दिसते: बंदरावरची एक मासळीवाली दारात बसली आहे, आजूबाजूला कोणी नाही ना हे पाहून आवाज खाली आणते आहे. “वयनी, मना तोच शिवून दे गो, दोन पदरांचा. दिसभर टोपलीम्होरं बसाचा हाय, उठता येत न्हाय.” तू काही विचारत नाहीस. गडद तांबडे कापड काढतेस, मागच्या बाजूला आतून दुसरा पदर, मधे जुन्या मऊ धोतराचा थर, आणि वरून पाहणाऱ्याला साधा परकर. ज्यांना कामावरून उठणे शक्य नव्हते अशा कितीतरी बायका तुझ्या त्या दुपदरी परकरावर निर्धास्त बसून होत्या.

मीही त्यातलीच. दहावीच्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदन माझ्याकडे होते आणि नेमकी त्याच सकाळी पाळी आली. मी चुलीपाशी बसून तुला सांगितले की माझे पोट दुखते आहे, मी जाणार नाही. तू भाकरी उलटत होतीस. वळूनही पाहिले नाहीस. म्हणालीस, “बोलायचं तोंडानं असतं. बाकीचं मी शिवलंय. ऊठ.” मी उठले. त्या दिवसापासून जिथे जिथे उभी राहिले, तिथे साडीच्या आत तुझा परकर होता. तू गेलीस तेव्हा कपाटात अनेक होते. आता एकच उरला आहे, तोही कडेला विरलेला, आणि मला सुईत दोरा ओवण्यापलीकडे तुझ्या विद्येतले काही येत नाही.

अशा समयी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, माझ्या पाळीने पंचांग सोडले. कधी येईल ते सांगत नाही, येते ती महापूर घेऊन येते. डॉक्टरीणबाईंना दाखवले, त्यांनी तपासले, रक्त वाढवायच्या गोळ्या दिल्या, घाबरण्याचे कारण नाही, वय आहे, असे म्हणाल्या. घाबरण्याचे कारण त्यांना दिसत नव्हते, कारण त्यांना सभेपुढे उभे राहायचे नव्हते. पॅड आणि विरलेला परकर यांच्या भरवशावर उभे राहण्याचा धीर होईना, म्हणून मी दोन कार्यक्रम नाकारले. तिसरा, अजून काही महिन्यांवर असलेला, वाचनालयाच्या वर्धापनदिनाचा होता. अध्यक्ष फोनवर म्हणाले, “मॅडम, तुमचं जमत नसेल तर स्पष्ट सांगा, आम्ही दुसरं बघतो.” हे ‘दुसरं’ म्हणजे एक तरुण गृहस्थ आहेत, जे ‘याठिकाणी’ हा शब्द प्रत्येक वाक्यात वापरतात. आई, मी व्यासपीठ त्यांच्या स्वाधीन करायच्या बेतात होते.

तेव्हा तुझ्या नातीने, जी पुण्यात नोकरी करते, मासिक पाळीचा कप सुचवला. घंटेच्या आकाराचा मऊ सिलिकॉनचा पेला, घडी घालून आत सरकवायचा, आत तो उलगडतो आणि स्राव धरून ठेवतो. मग काढायचा, रिता करायचा, धुवायचा, पुन्हा बसवायचा. मी तो मागवला आणि पहिल्याच महिन्यात हैराण झाले. मूत्राशयावर सतत दाब, बसले की खालचा देठ टोचे, आणि कप नीट उलगडत नसल्याने बाजूने गळतीही होई. शेवटी लाज बाजूला ठेवून तिला फोन केला.

“आई, कुठला साइज मागवलास?”

“मोठा.”

“का?”

“वाढत्या अंगाचा असावा म्हणून.”

 ती म्हणाली, “या वयात तू नक्की कुठं वाढणार आहेस?”

आता यात दोष कोणाचा? तू माझे गणवेश दोन वर्षे पुढचे शिवलेस, बूट पुढे कापूस कोंबून घालायला दिलेस. दोन मापे समोर आली की माझा हात मोठ्याकडेच जातो. शिवाय बाळंतपण झालेल्यांनी मोठा घ्यावा, असा सरधोपट नियम वेष्टनावर छापलेला होता. माझ्या गर्भाशयाने तो वाचलेला नव्हता. कन्या म्हणाली, “आधी माप घे. हात धू, पाळीत असतानाच बोटानं बघ, गर्भाशयाचं तोंड किती आत लागतंय.” ते दुसऱ्या पेरालाच लागले. म्हणजे मला आखूड आणि मऊ कप हवा होता. आई, तू माझा खांदा, छाती, कंबर, दंड, मनगट सगळे मोजलेस. हे एकच माप तुझ्या टेपाबाहेर राहिले होते, आणि ते घ्यायला मला इतकी वर्षे लागली.

दुसरा कप आला. मोरीत उकिडवी बसून, मोबाइल बादलीवर ठेवून, मी त्याची घडी घालत होते आणि तुझी नात मोबाइलमधून सांगत होती, “श्वास सोड. आत ओढू नकोस.” हे वाक्य तिने तुझ्याकडून ऐकलेले असणे शक्य नाही, तू गेलीस तेव्हा ती रांगत होती. काढताना कप आतच हरवेल हे भय मी तिला बोलून दाखवले. ती म्हणाली, “हरवायला तिथं पुढं रस्ताच नाही. देठ ओढू नकोस, बूड चिमटीत धर, हवा सुटू दे.” हवा सुटली. देठ तरीही टोचत होता, म्हणून कप बाहेर काढून, तुझ्याच कात्रीने, थोडाथोडा कापला. एक-दोन पाळ्या सरावात गेल्या. मग एके दुपारी शाळेत तास संपल्यावर ध्यानात आले की मला आत काही आहे याचा विसर पडला होता. त्याच संध्याकाळी अध्यक्षांना होकार कळवला.

वर्धापनदिनाला महापूर आलेलाच होता. प्रमुख पाहुणे मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरून पुढे मोटारीने यायचे होते. समुद्र खवळला, बोट उशिरा सुटली. मी व्यासपीठावर उभी राहून वाचनालयाचा इतिहास सांगितला, तो संपल्यावर गावाचा सांगितला, आणि तोही संपल्यावर काही भाग रचला. एकदाही मागे वळून साडी पाहिली नाही. मात्र तुला सांगायला हवे: कप नीट बसलेला होता, गळती नव्हती, तरीही आत तुझा परकर होता. त्या दिवशी त्याचा काहीही उपयोग झाला नाही. पुढच्या वेळीही मी तो नेसणार आहे.

बाकी सर्व क्षेम. तक्रार एकच. सभागृहाच्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहात दाराला खुंटी नाही. कप रिता करायला दोन हात लागतात, निऱ्या काखेत धरता येतात, पाण्याची बाटली खिडकीत राहते, पण पर्स कुठे ठेवायची? मी व्यवस्थापकांकडे गेले.

“खुंटी? कोनी मागितली न्हाय कदी, बाई. कशाला लागते?”

पाहुणे येईपर्यंत अखंड बोललेली मी, आई, तिथे एकच शब्द काढू शकले. म्हणाले, “पर्ससाठी.”

“मंग पर्स बाहेर ठेवाची,” ते म्हणाले.

सध्या पट्टा दातांत धरते. रेक्झिनची चव वाईट असते.