दगडावरचं माझं नाव

१४ डिसेंबर, रविवार. काचीगुडा.

आज पुन्हा आई-बाबांबरोबर सिकंदराबादच्या युद्धस्मारकावर जाऊन आलो. बाबांचे थोरले भाऊ लढाईत गेले, त्यांचं नाव तिथल्या दगडावर कोरलंय. रघुनाथ. माझंही तेच. बाबांनीच ठेवलं, हौसेनं. मला कोण विचारणार होतं!

आईनं मात्र मला कधी या नावानं हाक मारली नाही. थोरल्या दिराचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? तिच्यासाठी मी नुसता 'बाळ'. केस पिकायला लागले तरी.

पुण्याची नोकरी पक्की झालीय, आज बाबांना सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. आईला ठाऊक होतं. पण बाबांनी एक हात त्या अक्षरांवर ठेवला, दुसऱ्यानं माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "दादा, आता कुठं नक्को जाऊ." मला ते दादा कधीच म्हणत नाहीत. आणि मी मूर्ख, चटकन "नाही जात" म्हणून बसलो! का? दगडाच्या वतीनं बोलायला मला कुणी सांगितलं होतं? मनगट अजून धरल्यासारखं वाटतंय.

परत निघताना बाबा जरा पुढे गेले. आई माझ्या शेजारून चालत होती. माझ्याकडे न बघताच हळू म्हणाली, "रघुनाथ, तू जा पुण्याला. यांचं मी बघते."

जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं.

आणि मी मागे वळून दगडाकडे पाहिलं, ती कुणाशी बोलतेय ते बघायला.