खांबामागची जागा

गुरुवार, १२ सप्टेंबर

चि. छकुलीला ताईचे आशीर्वाद.

मी बरी, मशीन बरं. चर्चच्या वेदीसाठी हिरवं वस्त्र शिवायला घेतलंय, त्याची एक कड तेवढी राहिलीय. तुझा खोकला गेला असेल. गेला नसेल तर रविवारी उगाच दगदग करू नकोस.

येणारच असशील तर हे नीट वाच. आमच्या चर्चच्या ऑर्गनवाल्यांनी निरोप पाठवलाय, "धाकट्या बाईंना सगळं समजावून लिहा, पहिल्यांदा बिचकायला होतं." मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला कुणी काही लिहून पाठवलं नव्हतं. असो. मी लूथरन चर्चला जायला लागले तेव्हा तू म्हणाली होतीस, "ताई, रविवारी तरी लोळत पड की गं!" आणि आता ऑर्गनवाले माझं शिलाईचं मशीन दुरुस्त करायला आले काय, तू घटकाभर खिदळलीस काय, त्यांनी "या की रविवारी" म्हटलं काय, निघालीच स्वारी. चांगलं आहे.

तर ऐक. साधे कपडे चालतात. तो पिवळा ड्रेस नको, फार डोळ्यांवर येतो. दाराशी एक काकू उपासनेचा क्रम छापलेला कागद देतील, तो हातात ठेव. सुरुवातच पापकबुलीने होते, पण दचकू नकोस. कुणी तुला एकटीला उभं करून विचारत नाही. सगळे मिळून छापलेलं म्हणतात आणि पाळक लगेच क्षमा झाल्याचं सांगतात. मग गीतं. कुठलं गीत ते भिंतीवरच्या फळीवर आकड्यांत लावलेलं असतं. आमची मंडळी जोरात गाते, तू बेसूर गायलीस तरी खपून जाईल. मधे शास्त्रवाचन, उपदेश. उठायचं कधी आणि बसायचं कधी, ते पुढच्या माणसाकडे बघितलं की कळतं. मी तर पहिले दोन महिने सगळ्यांच्या मागून उठत होते आणि सगळ्यांच्या आधी बसत होते.

उपदेशानंतर जरा वेळाने पाळक म्हणतात, "प्रभूची शांती तुमच्याबरोबर असो." मग सगळे एकमेकांशी हात मिळवून "शांती असो" म्हणतात. मनात कुणाविषयी अढी असेल तर ती तिथे सोडायची आणि मगच प्रभुभोजनाला जायचं, म्हणून ते आधी असतं. तू शेजारच्या एकदोघींशी हात मिळव आणि गप बस. ऑर्गनवालेही तेवढ्यापुरते उतरतात, पहिल्या रांगेत टोकाला जे कोणी असेल त्याच्याशी हात मिळवतात आणि परत जातात. टोकाला मी असते.

मग भाकर आणि द्राक्षारस घ्यायला आम्ही सगळे वेदीशी जातो. तू नवीन आहेस, तर हात छातीवर दुमडून पुढे ये, पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतील. जागेवर बसून राहिलीस तरी कुणी नाक मुरडणार नाही.

आणि हो, जागा अगदी मागे, डाव्या खांबाआड घे. ऑर्गनवर छोटा आरसा आहे. वाजवताना ऑर्गनवाल्यांची आमच्याकडे पाठ असते ना, मग त्यांना पाळक, रांगा, पार दारापर्यंतचं त्या आरशात दिसतं. खांबामागचं तेवढं दिसत नाही. म्हणजे तुला अवघडल्यासारखं नको व्हायला.

शेवटी मंगलाशीर्वाद. नंतर मागच्या हॉलमध्ये कॉफी देतात, पाणचट असते. नाही थांबलीस तरी चालेल.

तुझी काळजी करणारी,
ताई

सोमवार, १६ सप्टेंबर

छकुले,

आशीर्वाद मागाहून.

काल फाटकाशी तू विचारलंस, "सगळे पुढे गेले, तू एकटीच का गं बसून राहिलीस?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय. गुडघा ठणठणीत आहे. दुखत होतं ते पोटात.

शेवटी पिवळाच घालून आलीस! पण बसलीस मात्र मी सांगितलं तिथेच. ती जागा मी मुद्दाम दिली होती, कळलं असेलच तुला. त्याचा काही उपयोग झाला नाही. दर रविवारी ते आरशातून माझ्याकडे बघून मान हलवतात आणि मग पहिलं गीत सुरू होतं. काल त्यांची नजर सगळ्या रांगांवरून फिरली, दाराकडे गेली, माझ्यावरून तर नुसती सरकली. दुसऱ्या कडव्यात चुकले! मंडळी गात पुढे गेली आणि ऑर्गन मागे राहिला.

आणि मग ती शांती. मी उठून हात पुढे केला. ते उतरले आणि माझ्या समोरून, अगं बाई, सरळ मधल्या वाटेने मागे तुझ्या खांबापर्यंत चालत गेले. आजवर त्यांनी पहिली रांग कधी ओलांडली नव्हती. पाळक थांबलेत, सगळे माना वळवून बघतायत, आणि खांबामागून तुझा आवाज, "ताईचं मशीन आता पळतंय हो!" अख्खं चर्च हसलं. माझा हात तसाच हवेत. शेवटी शेजारच्या काकूंनी तो धरला आणि "शांती असो" म्हणाल्या. मला त्यांचाही राग आला.

उपासना संपल्यावर ते हॉलमध्ये दोन कप घेऊन माझ्याकडे आले. "धाकट्या बाई गेल्या का?" गेली म्हटलं. मग दुसरा कप त्यांनी मला दिला. तुझ्यासाठी आणलेली ती पाणचट कॉफी मी थेंबन् थेंब प्यायले.

मशीन बिघडलंच नव्हतं, छकुले. पट्टा मी सैल करते. ते येतात, पट्टा चढवतात, चहा घेतात, दोन शब्द बोलतात आणि जातात. तेवढं मला पुरत होतं. तेवढं आणि रविवारचा तो हात. त्या दिवशी नेमकी तू टपकलीस आणि त्यांना मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या घरात, माझ्या मशीनपाशी, तुझ्या विनोदावर! लहानपणापासून तुझं हे असंच आहे. तू मागत नाहीस आणि तुला मिळतं. तुझी काही चूक नाही, समजतं मला. समजून जळफळाट थांबतो होय?

येत्या रविवारी पुन्हा ये. खांबामागे नको, पुढे माझ्याशेजारी बस. टोकाला तू. पिवळा घाल नाहीतर निळा घाल, तुला मेलं सगळंच शोभतं. शांतीच्या वेळी ते उतरून येतील. त्यांना जरा थांबू दे. आधी माझ्याकडे वळ आणि हात पुढे कर. माझ्या तोंडून "शांती असो" निघालं तर मी उठून वेदीशी जाईन. नाहीच निघालं, तर काकूंना सांग, ताईचा गुडघा दुखतोय.

आशीर्वाद तेव्हाच, हातात हात आला तर.

तुझीच,
ताई