गार टायरचा आकडा

प्रिय भिंगरी,

ही हाक वाचून तू जरा थबकशील. दोन वर्षांत मी तुला या नावानं हाक मारलेली नाही. पत्रासोबत एक छोटी डबी पाठवतोय. आधी पत्र वाच आणि मग ती उघड, असं लिहिणार होतो, पण तू माझीच मुलगी, एव्हाना उघडून बसली असशील. आत आहे ते टायरमधली हवा मोजायचं गेज. नवंकोरं आहे. तसंच दुसरं मी माझ्यासाठी घेतलंय आणि दोन्ही एकाच टायरला लावून पाहिलीत, दोन्हींचं उत्तर एक येतं.

सकाळपासून मी तीनदा खाली जाऊन आलो. चार टायर मोजले, स्टेपनी मोजली, परत वर आलो, चष्मा खालीच राहिला म्हणून पुन्हा गेलो आणि गेलोच आहे तर पुन्हा मोजले. तुझी आई म्हणते, गाडी जागची हललेली नाही तर हवा कुठं फिरायला जाणार आहे का. तिच्या मनगटाचं विचारशील, तर बरं आहे. तू फोनवर सांगितलेले व्यायाम ती न चुकता करते, बरणीचं झाकण आता स्वतः उघडते. ओले कपडे पिळायला मात्र अजून मीच लागतो, आणि माझ्या पिळण्यावर तिचा विश्वास नाही. एकूण आमचं बरं चाललंय. माझंच कुठं लक्ष लागत नाही, खुर्चीत बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही.

मुद्द्यावर येतो. लहान गाडीत हवा किती असावी, याबद्दल आपल्या इमारतीत जितकी माणसं तितकी मतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर टायर दगडासारखे कडक ठेवतात, गाडी हलकी पळते म्हणे. पळते खरी, पण टायर मधोमध झिजतो आणि रस्त्यावरची पकड सुटते. समोरच्या शिंपीणबाई हवा कमी ठेवतात, धक्के बसत नाहीत म्हणून. त्यांचे टायर कडांनी झिजतात. शिवाय हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, उठते, दबते, उठते आणि तापत जाते. हे दुसरं जास्त वाईट. खरा आकडा कुणाच्या मतावर नसतो. चालवणाऱ्याच्या दाराच्या चौकटीवर, दार उघडल्याशिवाय दिसत नाही अशा जागी, स्टिकर असतो. आपल्या गाडीचे त्यावर दोन आकडे आहेत. तीन माणसांपर्यंत तीस. पाच माणसं आणि सामान असेल तर मागच्या टायरना पस्तीस. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की हवा गार टायरवर मोजा, म्हणजे सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी. ती बारीक ओळ मी अकरा वर्षं वाचली नाही.

तुला शाळेचं मैदान आठवतं का? सुट्टीच्या दिवशी पहारेकऱ्याला सांगून मी फाटक उघडून घ्यायचो आणि तू गोलपोस्टभोवती चकरा मारायचीस. शेजारी बसून मी नसलेला ब्रेक इतक्या जोरानं दाबायचो की माझ्या बाजूची चटई फाटली. तिसऱ्या आठवड्यात तू मागे घेत घेत दोन बाकांच्या मधोमध गाडी नेऊन उभी केलीस, आणि मी म्हणालो, ठीक आहे, घाई नको. ते ठीक नव्हतं गं, फार सुरेख होतं. मला आजही तशी लावता येत नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण कौतुक केलं की मुलं डोक्यावर बसतात अशी माझी मास्तरकी समजूत.

आता दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाबद्दल लिहितो. ते लिहायचं टाळायला मी मघाशी चौथ्यांदा खाली जाऊन आलो.

मावशीचं घर बदलायचं होतं. आपण तिघं, मावशी, काका, वर दोन ट्रंका आणि तिचं ते लोखंडी शिवणयंत्र. सकाळी मी एकटाच हवा बघायला गेलो होतो. तुला माहीत आहे, जवळच्या पंपावर माझा भरवसा नव्हता, मी चौदा किलोमीटर लांबच्या पंपावर जायचो, कारण तिथल्या यंत्रावर तपासणीचा शिक्का होता. काट्यानं चौतीस दाखवले. मी जास्तीची हवा सोडली, भाराचा पस्तीसचा आकडा विसरून नेहमीच्या सवयीनं चारही टायर बरोब्बर तीसवर आणले आणि मोठ्या समाधानानं घरी आलो. दुपारी चालवायला तू बसलीस. पुलाच्या आधी तू दोनदा म्हणालीस की गाडी मागून डोलतेय. मी म्हणालो, समोर बघ. मग ते वळण आलं, मागचा डावा टायर फुटला आणि गाडी कठड्यावर जाऊन टेकली. आईचं मनगट मोडलं. बाकी सगळे खरचटण्यावर वाचले, ते तू स्टिअरिंग सोडलं नाहीस म्हणून.

आणि मी काय केलं? रस्त्यातच, सगळ्यांदेखत, वळणावर वेग आवरला नाहीस म्हणून तुझ्यावर खापर फोडलं. तू डोलण्याचं पुन्हा सांगू लागलीस तर सबबी नकोत म्हणालो. दवाखान्यात तेच म्हणालो, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच ऐकवलं. शेवटी, तुला गाडी जमत नाही हे कबूल कर, इथपर्यंत गेलो. तू वाद घालणं सोडलंस, किल्ली फळीवर ठेवलीस आणि त्यानंतर तिला हात लावला नाहीस. मला वाटलं, चला, पोरीला चूक उमगली.

तीन महिन्यांपूर्वी मी टायर बदलायला गेलो. दुकान निघालं खिडकीचं. खिडकी म्हणजे माझा जुना विद्यार्थी. सबंध तासभर बाहेर बघत बसायचा, म्हणून मीच त्याला ते नाव ठेवलं होतं. आता मिशा पिकल्यात, टायरचं स्वतःचं मोठं दुकान आहे. त्याला मी माझी पद्धत ऐटीत सांगितली, की चौदा किलोमीटर जातो पण आकडा चोख ठेवतो. त्यानं हात पुसले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, सर, म्हणजे तुम्ही तापलेल्या टायरमधली हवा सोडता का? चालून आलेला टायर तीन-चार आकडे जास्तच दाखवणार. तो निवला की तुमचे तीसचे सव्वीस होत असतील.

भिंगरी, हवा तापली की तिचा दाब वाढतो हे मी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर लिहिलं. ज्यांना जमलं नाही त्यांना बाकावर उभं केलं. त्यात खिडकीसुद्धा होता. तो बिचारा मला लाज वाटू नये म्हणून उगाच एक पाना शोधत बसला. मग मी त्याला त्या दिवसाचं सगळं सांगितलं. पाच माणसं, ट्रंका, शिवणयंत्र, पस्तीस हवेत तिथं सव्वीस, वर भर दुपार. त्यानं विचारलं, चालवणाऱ्याला आधी काही जाणवलं होतं का? मी म्हणालो, गाडी मागून डोलतेय असं ती दोनदा म्हणाली होती. तो म्हणाला, मग सर, तिला गाडी चांगली कळते.

हे तीन महिन्यांपूर्वीचं. दर रविवारी तुझा फोन येतो, तू मला जेवलात का विचारतेस, मी हो म्हणतो आणि फोन आईला देतो. प्रत्येक वेळी ठरवायचो की आज सांगू. जीभ रेटायची नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ मारत आलो, स्वतःच्या चुकीखाली मारायची सवयच नाही. परवा मंगळवारी अखेर आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, पोरीची चूक नव्हती हे मला मोडक्या हातानंही कळत होतं, त्याला तुमचं गणित लागलं नाही. मला कशाला सांगता, तिला सांगा. आणि मग तिनं तुझ्या नव्या नोकरीचं सांगितलं.

ज्या रुग्णांना दवाखान्यापर्यंत येता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन त्यांना चालतं करायचं. कॉलेजात असल्यापासून तुला हेच करायचं होतं. घरं लांब लांब, म्हणून संस्था लहान गाडी देणार. आणि तू सोमवारी त्यांना नाही कळवणार आहेस. का, तर बाबांनीच सांगितलंय, मला गाडी जमत नाही. आईनं तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. तेव्हापासून मी हा असा वर-खाली करतोय.

म्हणून हे पत्र. आजच कुरियरनं पाठवतोय, उद्या तुझ्या हातात पडायला हवं. चूक माझी होती. हवा मी सोडली होती, तू सांगत असताना ऐकलं मी नाही, आणि नंतर खोटं ठसवत राहिलो तोही मीच. मावशीला आणि काकांना मी काल फोन करून सांगितलंय, उरलेल्यांना एकेक करून सांगतोय. तू मला माफ कर असं म्हणायला आज मी धजत नाही. पण सोमवारी नाही कळवू नकोस. शनिवारी आम्ही दोघं गाडी घेऊन तुझ्याकडे येतोय, मी अगदी सावकाश आणीन. रविवारी सकाळी टायर गार असताना गेज घेऊन खाली ये, दार उघडून स्टिकर वाच, हवा तू मोज. मी बोट लावणार नाही. मग तू सांगशील तिकडे जाऊ, चालवायला तू. आईला पुढे तुझ्याशेजारी बसायचंय, तिनं आधीच बजावून ठेवलंय. मी मागे बसेन, डाव्या बाजूला, त्या टायरच्या बरोबर वर.

तुझाच,
बाबा