बाळंतिणीच्या खोलीतलं धुराडं

उदगीर
ता. ९ जानेवारी १९८३, रविवार

सिंधूचे बाबा,
यांना धुरपताचा नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. सिंधू आणि तिची लेक दोघी बऱ्या आहेत. हे आधी वाचा, घोटभर पाणी प्या आणि मग पुढचं वाचा. म्हैस मावशीकडे नेऊन बांधलीत, बरं केलंत. तिथे झिऱ्याला अजून थोडं पाणी आहे.

जावई आठवडाभर लातूरलाच असतात. जिल्हा नवा झाल्यापासून उस्मानाबादेहून गाड्या भरून कागद येताहेत म्हणे, आणि ते लावायला माणसं थोडी. शनिवारी येतात, लेकीचं तोंड बघतात, रविवारी परत. एरवी घरात आम्ही बायकाच.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं. आपल्या आडाला पाणी नाही म्हणून मीच लेकीच्या सासरी येऊन राहिले, आणि लेकीच्या सासरी आईचा शब्द किती चालतो ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या विहीणबाई साखराबाई रोज ताट वाढताना म्हणतात, "पोटभर जेवा ईनबाई, लाजू नका. आमच्या नळाला पाणी हाय."

आता खोलीचं लिहिते. जावयांचं हे सरकारी क्वार्टर म्हणजे निजामाच्या वेळच्या बंगल्याचा अर्धा भाग. बाळंतिणीच्या खोलीत भिंतीतच एक चूल बांधलेली आहे आणि तिच्यावर थेट छपरापर्यंत पोकळ धुराडं. कुणी साहेब थंडीत तिथे जाळ करून शेकत बसायचा म्हणतात. आता त्यातून नुसतं वारं येतं, पाकोळ्यांच्या घरट्यातली घाण पडते, आणि यंदाच्या कोरड्या सालात धूळ तर इतकी की पोरीच्या टोपऱ्यावर थर बसतो. पोर शिंकली की साखराबाई माझ्याकडे बघायच्या, जणू ते धुराडं मीच माहेरून आणलं! बुजवायला हवं हे मलाही पटलं होतं.

गुरुवारी त्यांनी पोत्यात चिंध्या भरून धुराडं बुजवलं. कडेनं चिखल लिंपला, खिडकीच्या फटीत फडकी कोंबली. मग बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं, त्यात ओवा-शेपा टाकला आणि दार ओढून घेतलं.

शुक्रवारी सकाळी सिंधू म्हणाली, "आई, डोकं लई जड झालंय." पोर दूध ओढेना. दोघींना अंगणात आणलं, तर थोड्या वेळानं दोघी हुशारल्या. ते जड डोकं माझ्या ओळखीचं होतं. कसं, ते पुढे लिहीन.

मी म्हणाले, "साखराबाई, धुराडं बंद तर निखारे बाहेर. निखारे आत तर धुराडं उघडं. दोनी एका जागी नकोत."

"म्या घरातली समदी बाळंतपणं काढली, ईनबाई. धूर दिसतोय का कुठं?"

"दिसत न्हाई, म्हणूनच भ्या वाटतंय."

"मंग घेऊन जा लेकीला. पाजा तिला तुमच्या गावचं टँकरचं पाणी."

सिंधू रडायला लागली. मी तिला आणि पोरीला घेऊन ओसरीत बसले, म्हणाले, आत जाऊ देणार नाही. तेव्हा साखराबाईंनी पदर खोचला. "मीच बसती आत. दिवे लागंपर्यंत बसती. काई झालं न्हाई, तर माझी सून माझ्या म्हणण्यानं निजंल अन् तुमी तोंड उघडायचं न्हाई." त्यांनी नवे निखारे भरले, आत गेल्या, दार लावलं. कडी तेवढी घातली नाही.

मी दाराला टेकून बसले.

"ईनबाई, हाव का? का लेक घेऊन पळालात?"

"हाय. बोलत ऱ्हावा."

"बोलती की. तुमच्या हदगावाकडच्या बाया भित्र्याच लई."

बराच वेळ असं चाललं. मग म्हणाल्या, "झोप येऊन राहिली बगा," आणि हसल्या. मग तेच पुन्हा म्हणाल्या, अर्धंच. मग काही नाही.

पुढचं लिहू नये असं वाटत होतं, म्हणून म्हैस आणि जावई आधी लिहून घेतले. मी लगेच उठले नाही. माझा हात दारावर होता आणि मी दार ढकललं नाही. तेवढा वेळ माझ्या लेखी आत साखराबाई नव्हत्या, तुमच्या आई होत्या.

सिंधू ओरडली, "आई, आत्याबाई बोलंनात!" तेव्हा मी आत धावले. त्या बाजेवर वाकड्या पडल्या होत्या. बखोट धरून ओढत अंगणात आणलं. तिथे त्या ओकल्या. डॉक्टर येऊन गेले, आता ठीक आहेत. उठून बसल्यावर पहिलं काय बोलल्या? "शुक्रवारचा उपास हाय माझा. चक्कर आली." सकाळी माझ्यासमोर भाकरी खाल्ली होती. संध्याकाळी त्याच म्हणाल्या, "घमेलं ओसरीतच ऱ्हाऊ दे. आत राख उडती."

काल जावयांनी पोतं काढलं, घरटी साफ केली, खालचं तोंड विटांनी बांधलं आणि वर छपरावर पत्रा टाकला. आता वारंही नाही, निखारेही नाहीत. वीट तापवून, फडक्यात गुंडाळून बाजेखाली सरकवते. तेवढी ऊब पुरते.

आपल्या पहिल्याच्या वेळीही अशीच थंडी होती. तुमच्या आईंनी माळवदाचं धूर जायचं सानं गोणपाटानं बुजवलं होतं आणि बाजेखाली निखारे ठेवले होते. सकाळी असंच जड डोकं घेऊन मला अंगणात शुद्ध आली. त्याला आली नाही. त्यांनी ते मायेनंच केलं होतं, हे मला साखराबाईंचं पांढरं पडलेलं तोंड बघून कळलं. बाया म्हणाल्या, सटवाईनं नेलं. काही म्हणाल्या, आईच झोपेत अंगावर गेली. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. फक्त एकदा विचारलंत, "तुझ्या हाताखाली होता का?" मी बोलले नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. त्यानंतर मी सिंधूलासुद्धा कधी कुशीत घेऊन झोपले नाही. तुम्ही ते पाहत होतात.

आज दुपारी नातीला कुशीत घेऊन झोपले. जाग आली तेव्हा ती माझा दंड चोखत होती.

बारशाला या. चारचौघांत काही बोलू नका. पण मला बाजूला घेऊन एकदा म्हणा, तो तुझ्या हाताखाली नव्हता. पत्रात लिहू नका, तोंडानं म्हणा.

तुमच्या दोन्ही लेकरांची आई,
धुरपता