‘कोच’ म्हणजे कोण

लातूर, १० ऑगस्ट २००३

प्रिय अंबरीश,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं. क्लासच्या दहा वर्षांच्या स्मरणिकेसाठी तू ‘कोच’ या शब्दावर चार ओळी मागितल्यास. घे. हंगेरीत कोच नावाचं एक खेडं आहे. तिथल्या घोडागाड्या नावाजल्या, गावाचं नाव गाडीला लागलं आणि इंग्रजीत गेलं. पुढे ऑक्सफर्डची मुलं परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीवाल्याला थट्टेनं ‘कोच’ म्हणू लागली. खेळातला कोच त्यानंतरचा, आणि तुझं कोचिंग अगदी अलीकडचं.

आता तू या शब्दाचं काय केलंस ते ऐक. मंजुषाला तुझ्या क्लासला मीच घातलं. किल्लारीच्या भूकंपात आई-बाप गेलेली, मावशीनं, जगदेवीनं, वाढवलेली पोर. जानेवारीत सराव परीक्षेत मार्क घसरले, तर तू तिला ऑफिसात बोलावून म्हणालास, ‘तुझ्यामुळं माझा निकाल पडेल. उद्यापासून येऊ नको.’ जगदेवी माझ्या दारात येऊन रडली, ‘बाई, पोरगी दोन दिस झाले जेवली न्हाई. तिचं काय चुकलं?’ मग मंजुषा माझ्याच स्वयंपाकघरात अभ्यासाला बसू लागली. आमच्या शाळेतले शिवप्रसाद सर रोज सायकलवर येऊन फिजिक्स शिकवत. नांदेडला मेडिकलला तिचा नंबर लागला तो असा.

आणि आठ दिवसांत चौकात तुझा बोर्ड! तुझ्याकडच्या अर्जावरून काढलेला तिचा फोटो, खाली ‘भूकंपात अनाथ झालेली, आम्ही घडवलेली डॉक्टर’. तो बघून ती घरी आली आणि तिनं मला विचारलं, ‘बाई, माझे आई-बाप मेले हे यांनी कुणाला विचारून लिहिलं?’ इतकी निर्लज्ज माणसं बाहेर पाहिली होती, घरात नव्हती.

तिनं पोलिसांत आणि वर्तमानपत्राकडे तक्रार दिली आहे. क्लासनं तिला काढलं होतं, याला साक्षीदार हवा होता. त्या दिवशी मी तुला तिळगूळ द्यायला आले होते, अंबरीश. ऑफिसच्या दाराबाहेर उभी होते. सगळं ऐकलं आणि भाऊ आहे म्हणून तोंड न उघडता परत फिरले. सात महिन्यांनी काल ते शब्दन्‌शब्द लिहून खाली सही केली. उद्याच्या अंकात येईल. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगावं, म्हणून हे पत्र. परवा राखी आहे. येऊ नकोस.

अजून तरी तुझीच,
सौदामिनी अक्का