तलावाकडची खिडकी

प्रिय मासोळी,

या नावाने तुला आता कोणी हाक मारतं की नाही, ठाऊक नाही. कॉलेजच्या पोहण्याच्या संघात तुझं खरं नाव फक्त हजेरीपटापुरतंच होतं. तुझा पत्ता तुझ्या त्या बडबड्या मैत्रिणीकडून मिळवला. आधी ती द्यायला तयारच नव्हती. "आता कशाला, मावशी?" म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं, तरी मी हट्ट सोडला नाही. तू जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढतेस, हे तिने सांगितलं. आणि नऊ वर्षांत पाण्यात पाऊल टाकलेलं नाहीस, हेही. ती ते सहज बोलून गेली. मी मात्र फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं.

गेल्या महिन्यापर्यंत मी तिथेच होते. तलावाला लागून असलेली उपचारांची खोली, त्याच दोन खाटा, आणि लाथ घातल्याशिवाय चालू न होणारं ते बर्फाचं यंत्र. तुमचे खांदे मोकळे करता करता माझे आखडून गेले. मावशीच्या हाताखालून गेलेला माणूस एक तर बरा होतो नाही तर खरं बोलायला लागतो, असं तुम्ही पोरी म्हणायचात. तू तर सगळ्यांत जास्त बोलायचीस. पालथी पडून, तोंड उशीत खुपसून तुझी टकळी चालू. बाबा पहाटे तुला सायकलवर डबलसीट आणतात, पाण्याची भीती वाटते म्हणून आत येत नाहीत, सराव संपेपर्यंत फाटकाबाहेर पेपर वाचत बसतात, जाहिरातीसुद्धा सोडत नाहीत, हे सगळं मला तूच सांगितलंस. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटायचं. मी त्यांना येता-जाता नमस्कार करायचे.

आता बातमी. गेल्या महिन्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी सरावाला दहा मिनिटं उशिरा आली. पोहणं शिकवणाऱ्या आपल्या त्याच सरांनी तिला खोल बाजूला उतरवलं. ती वर आली की काठीच्या टोकाने पुन्हा खाली. काठी कुठली ते तुला सांगायला नको. बुडणाऱ्याला ओढून घ्यायला भिंतीवर टांगलेली असते तीच. मी खिडकीतून बघत होते. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी हातातला टॉवेल टाकून निघाले आणि दारापर्यंत पोचेतो चौथ्यांदा झालं. त्या वेळी ती वर आलीच नाही. मी चपलांसकट उडी मारली. संघातल्या दोघींनी मदत केली, आम्ही तिला काठावर घेतलं. ओठ निळे पडले होते. किती वेळा तिच्या तोंडात श्वास भरला ते आठवत नाही. शेवटी ती खोकली. मी तिला कुशीवर वळवलं आणि पांघरूण घातलं.

सर शेजारी उभे होते. रुग्णवाहिका गेल्यावर शांतपणे म्हणाले, "मावशी, नोंदवहीत पायाला पेटका आला म्हणून लिहा." मी जे पाहिलं ते लिहिलं, वेळ घालून, खाली सही करून. मग प्राचार्यांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "तुम्ही तोंडी सांगितलंत, तुमचं काम झालं. पुढचं आमच्यावर सोडा." मासोळी, आयुष्यभर मी दुसऱ्यांवरच सोडत आले होते. तिथून उठले ती थेट पोलीस चौकीत. कपडे अजून ओले होते. खुर्ची भिजली म्हणून हवालदार आधी माझ्यावरच करवादला.

मुलगी अकरा दिवस दवाखान्यात होती. आता घरी आहे. तिची आई सांगते, ती चेहऱ्यावर पाणी मारत नाही, ओल्या फडक्याने पुसते. सरांना निलंबित केलंय, खटला उभा राहील. कॉलेजात निम्मी माणसं माझ्याशी बोलत नाहीत. वीस वर्षं माझ्याबरोबर चहा प्यायलेली ग्रंथपालबाई परवा मला पाहून जिना बदलून गेली. मी राजीनामा दिला. कुणी दे म्हटलं नाही, पण नको असंही कुणी म्हटलं नाही.

हे वाचून तुला वाटेल, म्हातारी आपलं शौर्य सांगतेय. तसं नाही गं. त्या खिडकीतून ते मी पहिल्यांदा पाहत नव्हते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी तू वर आलीस, श्वासासाठी तोंड उघडलंस, आणि तुझी नजर माझ्याकडे गेली. आपली नजरानजर झाली. काठी पुन्हा खाली येताना मला दिसली आणि मी पडदा ओढला. का ओढला, तर त्याच आठवड्यात, तुमच्याच तलावात पोहणाऱ्या माझ्या मुलाची मोठ्या स्पर्धेसाठी निवड व्हायची होती आणि निवड सरांच्या हातात होती. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी नऊ वर्षं शोधतेय, सापडत नाही. मुलाची निवड झाली. आम्ही पेढे वाटले. तू उपचाराला आलीस तेव्हा मी तुझ्या कानात औषध घातलं, नोंदवहीत "कानात पाणी" असं लिहिलं. तू खाटेवर पडून होतीस आणि पहिल्यांदाच एक शब्द बोलली नाहीस.

परवा मी हे सगळं मुलाला सांगितलं. वाटलं होतं, तो हादरेल, निदान रागावेल. तो जेवत होता. ताटावरून मान वर न करता म्हणाला, "आई, आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. मोठ्यांपैकी कुणीतरी बोलेल म्हणून आम्ही वाट बघत होतो." मग हात धुऊन उठला. ज्याच्यासाठी केलं म्हणून मी मनाची समजूत घालत होते, तोच असं बोलला.

तू मात्र वाट बघितली नाहीस. आठवड्याभरात कॉलेजकडे लेखी तक्रार दिलीस. अठरा वर्षांची पोर, घरातही कुणाला न विचारता. त्यात तू लिहिलं होतंस, "मावशींनी पाहिलं आहे, त्यांना विचारा." कॉलेजने मला विचारलं. मी म्हटलं, मी असं काही पाहिलं नाही. लिहून दिलं. सरांच्या नावाला बट्टा लावणारी खोटारडी पोर, असा तुझ्यावर शिक्का बसला. तुझं नाव संघातून आणि मग कॉलेजातूनही गेलं. जाताना तू माझ्या खोलीसमोरून गेलीस, आणि मी बर्फ फोडत बसले होते.

त्यानंतरची गोष्ट मला या आठवड्यात कळली. जुनी फाईल मागायला मी कॉलेजच्या कारकुनाकडे गेले, तर तो म्हणाला की तुझे बाबा त्या वर्षी तीनदा कचेरीत आले होते. मुलीची बाजू मांडायला. तिसऱ्यांदा त्याला दया आली आणि त्याने त्यांना माझा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "बाई कशाला खोटं बोलतील?" मग त्याचे आभार मानून निघून गेले. तुझ्या मैत्रिणीला मी विचारलं, पुढे काय झालं. ती म्हणाली, त्या दिवसापासून तुम्हा दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं. आणि तीन वर्षांपूर्वी ते गेले.

पोलिसांत अधिकारीबाईंनी विचारलं, असं आधी कधी घडलं होतं का? मी हो म्हटलं आणि सगळं सांगितलं. त्या जबाबाची प्रत सोबत ठेवली आहे. तुझी तक्रार मी त्याला जोडली नाही, ती तुझी आहे. जोडला तो माझा खोटा कागद. तुला बोलावणं आलं तर जायचं की नाही ते तू ठरव. नाही गेलीस तरी मी आहे, या वेळी साक्षीला मी उभी राहणार आहे. पण पत्र त्यासाठी लिहिलं नाही. माफी मागायलाही नाही, ती मागायला तोंड नाही. जे तुझ्या बाबांना सांगायला हवं होतं ते सांगायची वेळ मी घालवली. तुझी आई अजून आहे, असं कळलं. तिला हा जबाब वाचून दाखव. तुझ्याच्याने होणार नसेल तर मला बोलाव. आत घेऊ नकोस हवं तर, मी दारात उभी राहून वाचेन. तुमची मुलगी खरं बोलत होती, एवढं वाक्य मला तुझ्या घरात एकदा मोठ्याने म्हणायचं आहे.

तुझीच म्हणवायचा हक्क गमावलेली, तरी तुझीच,
मावशी