गुंगीचा उकार

६ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून घरात भूत. आठवडाभर राहणार, कॉलेजच्या लेखी परवानगीने.

जुईच्या मास कम्युनिकेशनवाल्यांची नशामुक्तीची स्पर्धा आहे. सात मिनिटांचा सिनेमा, विषय 'नशा : एक अभिशाप'. बाकीचे गट पुड्या, सुया आणि पायरीवर बसून रडणारे बाप दाखवणार. आमची कन्या भयपट करतेय. दिग्दर्शन तिचं. कॅमेरा हर्षवर्धनचा — तिच्याच वर्गातला, शहराबाहेरच्या बख्शी का तालाबहून मोटरसायकलने येतो. इतका अदबशीर की चहाच्या कपालाही 'आप' म्हणेल.

आमचंच घर का? तर, 'आंटी, आपके यहाँ रोशनी बहुत उदास है.' बावीस वर्षांत हिंदी मुलखातल्या, जानकीपुरमच्या या घराबद्दल कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं.

मला वाटलं, लिहायला बोलावतील. दर रविवारी हिंदी पेपरात माझं व्यंग्य छापून येतं, आईचा काही उपयोग होईल! 'इसमें डायलॉग हैं ही कितने, मम्मी.' हाती आलं ते पोस्टरवर नजर टाकायचं काम. काळ्यावर पांढरं मोठं नाव — 'गुंगी'. मी लाल पेनने उकार दीर्घ केला. गूंगी. हिंदीत मुकी मुलगी. दर आठवड्याला मी पुढाऱ्यांच्या बॅनरवरच्या मात्रांच्या चुका काढते आणि घरात ही दिवाळी.

'रहने दो,' जुई म्हणाली.

'अगं, ऱ्हस्व नाही येत तिथे.'

'पता है.'

हर्षवर्धन हळूच, 'आंटी, हम भी यही बोले थे. ये मानती नहीं.'

८ ऑक्टोबर, बुधवार

भूत म्हणजे अमृता, जुईची मैत्रीण. तिच्या ओठांवर कापूस आणि मैद्याची खळ लावून तोंड पुसून टाकलंय. नाकाखाली सरळ हनुवटी. सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं, ते हिने उघडलं. तो पिशव्या ठेवून पळाला, हिशेबाला थांबला नाही. कापसाला स्ट्रॉपुरतं भोक ठेवलंय, त्यातून अमृताबाई चहा घेतात.

मलाही काम मिळालं. 'आंटी, आपको बस लेटना है. सोना है. आँख मत खोलिएगा.' सिनेमातली मुलगी दुपारी कॉलेजातून येते, तेव्हा तिची आई झोपलेली असते — ती आई मी. आडवी झाले. हर्षवर्धन 'रोलिंग' म्हणाला तिथपर्यंत आठवतंय.

जाग आली तेव्हा साडेपाच. दिवे, ट्रायपॉड, मुलं, सगळं स्वयंपाकघरात जाऊन मॅगी खात होतं. माझा शॉट दोन वाजता संपला होता.

'कमाल की एक्टिंग, आंटी. हमने आपके कान के पास थाली भी गिराई.'

सगळे हसले. जुई नाही. ती भांडी विसळत होती, जे ती एरवी जन्मात करत नाही.

दुपारची गोळी घेतली होती, दुसरं काय. त्यात लपवण्यासारखं काही नाही. माझे बाबा सांगलीत वारले त्या करोनाच्या एप्रिलात मी इथे तापाने पडून होते, बाबांना शेवटचं बघणं फोनच्या पडद्यावर झालं. डोळा लागेना. एका डॉक्टरने अर्धी गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली. अर्धीची एक झाली, मग दुपारचीही लागली. साडेचार वर्षं झाली. चौकातला औषधवाला चिठ्ठी मागत नाही. आमच्या दारावर 'डॉ. जगदीश' अशी पाटी आहे ना! माझ्या नवऱ्याची डॉक्टरकी रसायनशास्त्रातली, औषधसंशोधनात आयुष्य गेलं, पण उंदरांपलीकडे त्याने कुणाची नाडी धरलेली नाही. औषधवाल्याला हे बारकावे कोण सांगणार? 'डॉक्टर साहब के यहाँ से' म्हटलं की पाकीट पुढ्यात. मी गेले तरी, जुईला पाठवलं तरी.

औषध आहे, नशा नाही. पुढे बोलायचं कारण नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

भूत गेलं. उशीच्या अभ्र्यावर मैदा सोडून गेलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी आटोपली. फराळाचे डबे तळाला लागले. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून जुईने सिनेमा दाखवला. प्रेक्षक दोन — मी आणि चिवड्याची वाटी घेतलेला जगदीश.

मुलगी कॉलेजातून येते. 'मम्मी, सुनो ना.' आई झोपलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. 'मम्मी.' आई झोपलेली. रोज मुलीचा आवाज बारीक होतो, रोज तिचं तोंड जरासं लहान. सातव्या दिवशी तोंडच नाही. ती आईच्या उशाशी उभी राहते. मग आईला जाग येते, ती कूस वळवून विचारते, 'कुछ कह रही थी?' — हे वाक्य मी कधी म्हटलं? दुसऱ्या कुठल्या दुपारी झोपेतून उठताना टिपलंय लबाडांनी! — आणि पडदा काळा. मग नाव.

थाळी पडते तेव्हा मी खरंच दचकले. पडद्यावरची मी नाही दचकले.

जगदीश चिवडा खायचा थांबला. 'नाव बरोबर आहे,' म्हणाला. 'गुंगी. ना झोप, ना जाग.'

मी परत वाचलं. ऱ्हस्व उकार. गुंगी. आमची गुंगी, सांगलीची, आजारपणातली, भूल उतरतानाची. ही मुलगी वीस वर्षांत माझ्याशी मराठीत सलग चार वाक्यं बोललेली नाही. मी विचारलं 'भात वाढू?' तर 'हाँ, थोड़ा.' तिच्या हातून देवनागरीत काही आलं की ते हिंदी, असं मी धरूनच चालले. आणि वर लाल पेन.

म्हणजे चूक नव्हतीच. माझ्यावर सिनेमा आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

भांडण. सकाळी आठला सुरू, अकराला मध्यंतर, मग पुढे.

'मी नशेडी?'

'मैंने ऐसा कहा?'

'सात मिनिटं तेच म्हटलंयस. तेही थाळी वाजवून.'

'मम्मी, आप डेढ़ बजे से साढ़े पाँच तक उठी नहीं. हमने पंखा बंद किया, आप नहीं उठीं. अमृता डर गई थी. असली वाला डर.'

'मला डॉक्टरने दिलीय.'

'कौन से डॉक्टर ने?'

तो डॉक्टर तीन वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्याला गेला. मी म्हटलं, घर चालवते, कॉलम एकदाही चुकला नाही, चकल्या केल्या, त्या तुझ्या हर्षवर्धनने बावीस खाल्ल्या. नशेबाज माणूस चकलीच्या भाजणीचं पीठ मळतो का?

'आप सोते-सोते भी कर लेंगी,' ती म्हणाली. टोमणा चांगला होता. माझ्याच हाताखाली तयार झालेला. म्हणून जास्त लागला.

सिनेमा मागे घे म्हटलं. 'नहीं.' एवढंच.

जगदीश मध्ये पडायला गेला. 'मुक्ता, तू अजून अर्धीच घेतेस ना?' औषधांवर तीस वर्षं काम करणारा माणूस! त्याला घरातलं पाकीट दिसत नाही. मी म्हटलं, 'हो, अर्धीच.' खोटं बोलले. इथे लिहायला काय जातं.

१ नोव्हेंबर, शनिवार

कॉलेजातून फोन. विनीता मॅडम, नशामुक्ती समितीच्या संयोजक. आवाजात गुलकंद. जुईला सांगूनही उपयोग होत नाही म्हणून आईला फोन — आपण तर लेखिका, आपल्याला समजेल.

'देखिए, फ़िल्म में नशा है कहाँ? न सुई, न धुआँ. एक घरेलू महिला दवा खाकर सो रही है. दवा तो हम सब खाते हैं.' मग सूचना : आईच्या जागी हॉस्टेलचा मुलगा टाका, गोळीच्या जागी पुडी. आईला नशा करताना दाखवलं तर समाजात गलत संदेश जाईल. 'और शीर्षक में मात्रा भी ग़लत है.'

मी स्वतः हा सिनेमा बुडवायला निघालेली बाई. आठवडाभर मुलीशी धड बोलले नाही. मॅडमने माझंच काम केलं होतं, मी 'जी, बिल्कुल' म्हणून फोन ठेवायचा होता.

पण 'दवा तो हम सब खाते हैं' हे वाक्य माझं आहे. शब्द न् शब्द माझं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि इतकं भिकार वाटलं!

'मात्रा सही है, मैडम,' मी म्हटलं. 'मराठी में है. बाकी सोमवार को आकर बताती हूँ.'

३ नोव्हेंबर, सोमवार

गेले. समितीत तिघं — विनीता मॅडम, एक अर्थशास्त्राचे सर, एक ग्रंथपाल. सामोसे होते. जुई आणि हर्षवर्धन भिंतीशी उभे, आरोपींसारखे. मला खुर्ची.

सामोशांआधी सरांनी खिशातून गॅसची गोळी काढली. ग्रंथपालबाईंनी डोकेदुखीची. मॅडमच्या पर्समध्ये अख्खा कप्पाच होता, वारांची नावं असलेला. एकमेकांना पाणी देत तिघांनी गोळ्या घेतल्या आणि नशामुक्तीची बैठक सुरू झाली. असले प्रसंग मी पदरचे घालून लिहिते, तर संपादक 'अतिशयोक्ति है' म्हणतो.

मॅडमने तेच पुन्हा सांगितलं. अशी आई अविश्वसनीय वाटते. भद्र घरात असं होत नाही. ज़रा एक्टिंग भी ओवर है.

'एक्टिंग नहीं है,' मी म्हटलं.

'जी?'

'वो मैं हूँ. मैं सच में सो रही थी. दिन में दो, रात में दो. साढ़े चार साल से. पर्चा पंद्रह दिन का था. हम भी भद्र घर के हैं, चाहें तो आकर देख लीजिए, रोशनी थोड़ी उदास है.'

सरांनी हातातला सामोसा ताटलीत ठेवला.

'आपको सुई चाहिए, क्योंकि सुई आपके घर में नहीं है,' मी म्हटलं. 'डराने वाली फ़िल्म है, मैडम. डर लगा, तो फ़िल्म ठीक बनी है. इसमें से मुझे काटकर किसी हॉस्टल के लड़के को डाला, तो इतवार के कॉलम में आप तीनों होंगे. सामोसे समेत.'

अर्धा तास आत खलबतं. निर्णय : सिनेमा दाखवणार, पण स्पर्धेबाहेर. नाव तसंच राहणार. मॅडम जाताना हळूच म्हणाल्या, 'नींद की कौन सी लेती हैं आप?' मी सांगितलं नाही.

रिक्षात जुई माझ्याकडे बघत होती. 'चार?' म्हणाली. 'दो नहीं?'

'चार.'

मला वाटलं, शाबासकी देईल. ती बाहेर बघायला लागली. मुंशीपुलियाच्या चौकापर्यंत बाहेरच बघत होती. असो. आईचं खरं ऐकायला वेळ लागतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून बंद. एकदम. आपल्याला काही लागत नाही, हे एकदा या घराला कळू दे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हात थरथरतात. अक्षर बघ. भिंतीवरचं घड्याळ डोक्यात चालतं. कॉलमच्या दोन ओळी लिहिल्या, दोन्ही जोडाक्षरांत अडखळल्या. मी हटणार नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हटले. जगदीशने हटवलं.

सकाळी माझ्या हातून चहाचं भांडं सुटलं, त्याने हात धरून खुर्चीत बसवलं. खरं विचारलं, खरं सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. तो एखाद्या प्रयोगाचं सांगावं तसं सांगू लागला, पण ओठ पांढरे पडले होते. 'ही गोळी एकदम सोडायची नसते, मुक्ता. फिट येते. माणूस जाऊ शकतो. हळूहळू कमी करतात, महिनोन्महिने, डॉक्टरच्या देखरेखीखाली.' मग म्हणाला, 'खऱ्या डॉक्टरच्या.' दुपारी चौकात जाऊन औषधवाल्याला स्वतःची पदवी समजावून आला. 'तो म्हणाला, आप मज़ाक कर रहे हैं.'

जुई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. 'एकदम छोड़ो तो फिट आती है?' तिने जगदीशला दोनदा विचारलं. 'सबको?' घाबरली बिचारी माझ्यासाठी. मी म्हटलं, इतक्यात नाही मरत मी. मंगळवारी दवाखान्यात जाऊ.

'मैं भी चलूँगी,' म्हणाली. कॉलेज बुडवून! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, लिहून ठेवते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्यात पर्चे काढायच्या खिडकीवर रांग. इथे केसपेपरला पर्चा म्हणतात. माझं नाव, वय, जानकीपुरम, सगळं खणखणीत सांगितलं. आता मला कुणाची लाज नाही.

मागून जुई म्हणाली, 'दो बना दीजिए.'

मला वाटलं, पुढच्या खेपेचा आताच काढतेय.

'दूसरा किसके नाम?'

तिने स्वतःचं नाव सांगितलं. मग रांगेतल्या कुणाला कळू नये म्हणून मराठीत, माझ्याकडे न बघता —

'तुझ्यातल्याच घेते. बारावीपासून.'